जाळीच्या घरातलं वाचन

“उजर आला, उजर आला! अरे, लिहून घ्या कुणीतरी!”

शहागडच्या फाट्यावर, उभ्या ट्रकांच्या रांगेपुढं, केळीच्या उपड्या क्रेटवर चढून एक उंचेला माणूस ओरडत होता. ओरडताना त्याचा चेहरा असा फुलला होता, जसा काही घरी नातू जन्मला. सुमेधा तेव्हा शाळेत होती. बापाच्या सायकलच्या दांडीवर बसून बाजाराला आलेली. त्या माणसाच्या हातात कागद होते. ढाब्यांच्या आणि ट्रकांच्या धंद्यावर कुणी लेख लिहिला होता, आणि तो छापण्याआधी ज्यांच्यावर लिहिला त्या ड्रायव्हर लोकांनाच वाचून दाखवणं चाललं होतं. मधेच एक ड्रायव्हर खेकसला, “झूट है मास्तर! टायरवाल्याचं कमिशन कुठं लिव्हलं यात?” आणि शिवी खाल्ल्यासारखं तोंड करायचं सोडून मास्तर टाळी पिटत होता.

“बाबा, त्याला खोटं म्हणले, अन् तो हसून कामून राह्यला?”

तिचे वडील, तातेराव गुरुजी, सायकल धरून उभे होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत हयात घालवलेला माणूस. म्हणाले, “छापायच्या आधी चूक घावली ना त्याला, म्हणून.”

‘उजर आला’ हा मास्तरचा आवाज सुमेधाच्या कानात तेव्हा जो शिरला, तो तिथंच घर करून राहिला. पुढं ती जालन्याला कॉलेजात आली, तर अर्थशास्त्राच्या वर्गात फळ्यापुढं तोच उंचेला माणूस. काकासाहेब सर.

सर ‘मापटं’ नावाचं त्रैमासिक काढत. अर्थशास्त्राची पत्रिका, पण मराठीत. मस्तगडातल्या राहत्या घराची खालची खोली हेच तिचं कार्यालय. नियम एकच, पण तो देशातल्या दुसऱ्या कुठल्या पत्रिकेला नसेल. तलाठी जसं चावडीवर गावासमोर सातबारा वाचून दाखवतो, तसं लेखकानं आपला लेख त्या त्या माणसांसमोर मोठ्यानं वाचायचा. कुणी हरकत घेतली, तर ती त्याच्याच शब्दांत लेखाच्या शेवटी छापायची. तिला सर ‘उजर’ म्हणत. निजामाच्या कचेरीतला शब्द, सरांच्या आजोबांच्या तोंडचा. “ज्याचं धान्य त्याच्यासमोर मोजावं,” सर म्हणत, “पाठीमागं मोजलं तर ती चोरी.”

लोक अंक हातात आला की लेख सोडून आधी उजर वाचत. मोंढ्यातले आडते वाचत, बँकेतले वाचत. एमआयडीसीत बियाण्याचे कारखाने आहेत, तिथल्या साहेबांच्या टेबलावर ‘मापटं’ असायचंच. एका उजरामुळं सळई-मिलच्या भट्टीपाशी पाण्याची टाकी आली होती. अर्थशास्त्राच्या लेखानं माणसाला प्यायला पाणी मिळालं, असं दुसरीकडं कुठं घडलं असेल तर दाखवा, असं सर छाती काढून सांगत.

पण विद्यापीठाच्या मान्य पत्रिकांच्या यादीत ‘मापटं’ नव्हतं.

यादीत नाही म्हणजे तिथं छापलेला लेख मास्तरांच्या बढतीला धरत नाहीत. तरणे प्राध्यापक यायचे, सरांच्या पायाला हात लावायचे, त्यांच्या पत्नीच्या, साळूकाकूंच्या हातचा चहा प्यायचे आणि लेख मात्र दुसरीकडं पाठवायचे. सरांचे पाय इथं, लेख तिथं. सुमेधाला ते दिसत होतं. आता ती स्वतः त्याच कॉलेजात शिकवत होती, ‘मापटं’चं संपादन बघत होती, आणि तिचे इतक्या वर्षांचे लेख ‘मापटं’तच छापलेले असल्यामुळं तिची बढती होती तिथंच रुतून होती.

या वर्षी विद्यापीठानं नवी यादी करायला घेतली. समिती नेमली. समिती येणारा अंक बघणार होती: लेखांत दम आहे का, बाहेरचे अभ्यासक त्यांचा आधार घेतील का. सरांचं वय झालेलं. त्यांनी समितीला बेधडक सांगून टाकलं, “या अंकात माझ्या विद्यार्थिनीचा, सुमेधाचा लेख आहे. तो एक लेख वाचा, मग बोला.”

तो लेख होता शेडनेटमधल्या बायांच्या डोळ्यांवर. जाफराबादकडं पांढऱ्या जाळीच्या घरांत मिरचीचं, टमाट्याचं बियाणं तयार होतं. तांदळाएवढी कळी बोटांत धरायची, चिमट्यानं उघडायची, आतले तुरे काढायचे, दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा, आणि ओळखीला रंगीत लोकरीचा धागा बांधायचा. दिवसभर तेच. चाळिशीच्या आसपास बाईची नजर उतरते आणि काम सुटतं. हात धड, पाय धड, आणि बाई बाद. मजुरीचे आकडे सगळेच मांडतात. कामाचं आयुष्य डोळ्यांपाशी कसं तुटतं, हे सुमेधानं मांडलं होतं.

आणि हाच लेख तिनं हिवाळ्यात, कुणाला न सांगता, इंग्रजीत करून समुद्रापारच्या एका थोर पत्रिकेला पाठवला होता. नुसतं नाव घेतलं तरी अर्थशास्त्राची माणसं सरसावून बसतात, अशी पत्रिका. उत्तर येणार नाही असं धरूनच पाठवला होता. उत्तर आलं. दोन्ही परीक्षकांना लेख आवडला होता. थोडे बदल करा, म्हणाले. आणि खाली एक ओळ: हा लेख किंवा त्यातला कुठलाही भाग, कुठल्याही भाषेत, आधी छापलेला नसावा.

स्टाफरूममध्ये तिनं ती ओळ वाचली आणि फोन पालथा ठेवला. इकडं सरांनी शब्द देऊन ठेवलेला. लेख एक, घरं दोन, आणि दोन्हींच्या दारावर एकच पाटी: फक्त आमच्याचकडं.

सांगायला काय लागतं? उठायचं, मस्तगडात जायचं, सांगायचं. पण ती जेव्हा जेव्हा गेली, तेव्हा साळूकाकू दारातच म्हणायच्या, “ये गं. तुझ्या लेखापायी ह्यांना झोप न्हाई. सून आणायची असल्यावानी करून राह्यले.” आणि ती न सांगताच चहा पिऊन परतायची. सरांनीच बापाला समजावून तिला पुढं शिकवलं होतं. त्यांच्या खोलीत, त्यांच्या पुस्तकांत ती वाढली होती. कुठल्याही सभेत तिची ओळख करून देताना लोक म्हणायचे, “काकासाहेबांनी घडवली हिला.” बौद्धवाड्यातली पोर, सरांनी घडवली. खोटं नव्हतं ते, म्हणून तर नाही म्हणता येत नव्हतं. पण दर वेळी ऐकताना तिला वाटायचं, आपल्या अंगावर एक मऊ जाळी पडते आहे. टोचत नाही, पण हातही वर होत नाही. घरी भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. बाप सांगायचा, “अर्थशास्त्रच शिकले ते, सुमे. जगाला वाचावं लागंल असं लिव्हलं.” तेही तिला आठवायचं, आणि मग सर आठवायचे. इकडून तिकडं, तिकडून इकडं, खुंट्याला बांधलेल्या वासरासारखं.

तोवर वाचनाचा दिवस आला. नियम तो नियम.

कल्याणनं तिला मोटारसायकलवर नेलं. कल्याण ‘मापटं’चा सहसंपादक, शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजात शिकवणारा. तोंडानं फटकळ, पण मनानं साफ. वाटेत गप्प बसणं त्याला जमत नसे.

“मॅडम, समितीनं मला काय विचारलं म्हाईत हाय का? तुमच्या लेखांचा आधार किती लोकांनी घेतला? मी म्हणलं, पाण्याची टाकी आली. तर म्हणे, टाकीची नोंद कुठं करायची?”

सुमेधा हसली. पोटातून नव्हे.

शेडनेटला दोन दारं होती. पहिल्यातून आत जायचं, ते लावायचं, मगच दुसरं उघडायचं, म्हणजे बाहेरची माशी आत जात नाही. दुसरं दार मागं लागलं आणि हवाच थांबली. आत ऊन नव्हतं, सावलीही नव्हती. दुधात पाणी घातल्यासारखा एक पांढुरका उजेड होता, आणि त्यात मिरचीच्या रांगांमधून वाकलेल्या पाठी. कुणीतरी हलक्या गळ्यानं म्हणत होतं:

*जाळीच्या घरामधी ऊन गाळुनिया येतं*
*सये माझ्या डोळ्यातलं तेज वेचुनिया नेतं*

म्हणणारी मालनबाई होती. सुमेधाची सख्खी मावशी. आई गेल्यावर तिनंच सुमेधाच्या वेण्या घातल्या होत्या. भाचीला बघून तिनं कमरेला हात देऊन पाठ सरळ केली. “जय भीम बाय. आलीस? बस. ऑर्गनायझरला जालन्याला काढून दिलंय.” ऑर्गनायझर म्हणजे कंपनी आणि शेतकरी यांच्या मधला माणूस, बाया ठेवणं, काढणं त्याच्या हाती.

“कसं काढून दिलं मावशी?” कल्याणनं विचारलं.

“त्याच्या बायकोला फोन लावला. म्हणलं, तुझ्या मालकाचं घराकडं ध्यान न्हाई. पळाला की जल्दी जल्दी!”

बाया हसल्या. भाकरीची फडकी सोडून बसल्या. सुमेधानं कागद काढले आणि बोलीत सांगत वाचायला सुरुवात केली. डोळ्यांचं वाचलं, तेव्हा बायांनी माना हलवल्या. एकीनं सांगितलं की तिला आता चंद्र दोन दिसतात, त्यावर दुसरी म्हणाली, “मंग पौर्णिमेला तुझ्याकडं डबल उजेड.” वाचन रंगलं. सुमेधाचाही आवाज मोकळा झाला.

मग ती मधल्या भागापाशी आली, लेखाच्या काळजापाशी. नजर उतरलेली बाई लगेच जात नाही. शेजारणी तिला झाकतात. तिच्या वाटच्या कळ्या तरण्या डोळ्यांची बाई सोलते, आणि ती नजर उतरलेली धागे बांधते, घागर आणते, रांगेत उभी राहते. ऑर्गनायझरला बाई दिसते, कामही दिसतं. कुणाचं काम कुणाच्या हातचं, ते दिसत नाही. कुठल्याच आकड्यात न येणारा हा विमा बायांनी आपसात काढलेला आहे, असं सुमेधानं लिहिलं होतं. याच पानावर दोन्ही परीक्षक थांबले होते.

तिनं मान वर केली. भाकरी हातात तशाच होत्या.

“हे बी छापायचं?” मालनबाईनं विचारलं.

“हो मावशी.”

“वाचतं कोण ह्ये बुक?”

सुमेधाच्या आधी कल्याणच बोलला. अभिमानानं. “सगळे वाचतात! एमआयडीसीतले बियाण्याचे साहेब तर पहिल्याच दिवशी.”

बोलून झाल्यावर त्याला कळलं, आपण काय बोललो. पण शब्द गेला होता.

शिवकन्या, मालनबाईच्या शेजारच्या रांगेतली तरणी पोर, जिचे डोळे मावशीसाठी राबत होते, ती म्हणाली, “मंग आमचं कामच झालं म्हणायचं. मावशी तर घरी जाईलच, लबाडी केली म्हणून मला बी काढतेन.”

“गावाचं नाव घालणार नाही,” सुमेधा घाईनं म्हणाली. “तुमची नावं नाहीतच.”

“नाव कशाला लागतंय?” मालनबाई म्हणाली. “उद्यापासून समद्या जाळ्यांत बायांपुढं बारीक धागा धरतेन, ओव सुईत म्हणतेन. बाय, म्या तुला सांगितलं ते पोटच्या पोरीला सांगावं तसं सांगितलं. बुकाला न्हाई सांगितलं.”

जाळीत हवा नव्हती. सुमेधाच्या कपाळावरून घाम ओघळला आणि कागदावर पडला. ज्याच्यासाठी ‘मापटं’ची वाहवा, की ते वाचलं जातं, त्यावरून इथं काही हलतं, तेच आज या बायांच्या मुळावर आलं होतं.

मग मालनबाईच बोलली, समजुतीनं, पोराला जेवू घालतानाच्या आवाजात. “दुसरीकडं न्हाई का छापता येत? लांब कुठं? डोळे कसे जातेत ते कळू दे ना लोकाला. पर असं लांब, की हितल्या मानसाला ऐकू यायला नको. तिथं किती बी बोंबल.”

सुमेधाचं काळीज आनंदानं टुणकन उडालं. आणि त्या उडीचीच तिला इतकी लाज वाटली, की मावशीकडं बघवेना. तिनं कागद गोळा केले. “बघते,” एवढंच म्हणाली.

परतताना संध्याकाळ होत होती. एमआयडीसीच्या चिमण्यांवर धुराची राखाडी चादर पसरली होती. पाळी सुटलेली माणसं टेम्पोत दाटून बसली होती. चहाच्या टपरीपाशी कल्याणनं गाडी थांबवली.

“आता हा उजर छापायचा कसा, सांगा? ‘छापू नका’ हाच उजर. तो छापला, तर छापल्यासारखंच झालं.” मग कपात बघत म्हणाला, “तुम्ही सुटलात मॅडम.”

“म्हणजे?”

“बाहेर कुठं पाठवलाय ना लेख? अहो, मावशी ‘लांब’ म्हणली तेव्हा तुमच्या तोंडावरनंच कळलं. मी बी पाठवतो. सगळेच पाठवतेत. मोठ्या पत्रिकेकडं चांगले लेख कामून जातेत? ती मोठी हाय म्हणून. ती मोठी कामून? चांगले लेख तिकडं जातेत म्हणून. असं गोल रिंगण हाय ते. आपण बाहेर उभं राहून टाळ्या वाजवायच्या. आपलं ‘मापटं’ यादीत जाणार कधी? आपल्यातल्या कुणीतरी आपला सगळ्यात चांगला लेख हाताबाहेर न जाऊ देता हितं दिला, तर. आणि तो द्यावा वाटतो का कुणाला? मला तर न्हाई वाटत.”

“मग सरांना काय सांगायचं?”

“खरं तेच सांगायचं. बाया नको म्हणल्या. खोटं हाय का ते? बिलकुल न्हाई. सर तर डोक्यावर घेतील तुम्हाला.”

खोटं नव्हतं. तेच तर अवघड होतं. खरं बोलून सुटका होत होती, आणि तरी सुमेधाला वाटत होतं, त्या दोन दारांच्या मधल्या जागेत आपण अडकलोय. एक लावलंय, दुसरं उघडत नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर ती मस्तगडात गेली. साळूकाकूंनी दार उघडलं. आज त्या लेखाचं काही बोलल्या नाहीत. नुसता तिच्या दंडावर हात ठेवला. म्हणजे कल्याण येऊन गेला होता.

सर खोलीत खिडकीपाशी बसले होते. टेबलावर अंकाचे इतर लेख होते. ते लेख सुमेधानंच तपासले होते. कामाला चालतील असे, पण समिती थबकून वाचेल असा एकही नव्हता. हे तिला ठाऊक होतं, सरांना तिच्याहून जास्त.

“बस,” सर म्हणाले. “कल्याणनं सांगितलं.”

“सर, मी...”

“थांब, मला बोलू दे. रात्री जरा राग आला. बायांचा नाही, माझाच. इतकी वर्षं मी वाचून दाखवा, वाचून दाखवा म्हणत आलो. पण वाचल्यावर कुणी ‘आमच्यावर दया करा, गप्प बसा’ म्हणेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही बघ.” ते थोडं हसले. “यादीचं राहू दे. त्या समितीला मी तोंड देईन. लेख नाही छापायचा.”

सुमेधाच्या छातीवरचा दगड हलला. फक्त मान हलवायची होती.

“तुझं वाईट वाटतं मला,” सर पुढं म्हणाले. “एवढा जीव ओतलास. तुझ्या मनात तो आपल्याच अंकात यावा हे होतं, मला ठाऊक आहे. आता लांब कुठं पाठव म्हणतात बाया. पाठव. पण तुला ते परक्या घरी लेक दिल्यासारखं वाटणार.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “मी संपादकीय लिहायला घेतलंय. तुझं नाव घालून लिहितोय. स्वतःच्या बढतीचा विचार केला नाही, पत्रिकेच्या मानाचा केला नाही, मजूर बायांच्या पोटासाठी लेख मागं घेतला. पोरांना कळू दे, अर्थशास्त्र करणारं माणूस कसं असावं ते.”

साळूकाकू चहा घेऊन आल्या. “घे बाई. ह्यांनी सकाळपासून तुझंच लावलंय. म्हणत्यात, आपण घडवलं त्याचं चीज झालं.”

सुमेधानं कप न पिताच टेबलावर ठेवला. बाहेर गल्लीत भंगारवाला ओरडत गेला. सर तिच्याकडं बघत होते, प्रेमानं, जसे ते वर्गात चांगल्या उत्तराची वाट बघत. हे असंच छापून येईल. जिल्हाभर वाचलं जाईल. बाप वाचेल. मग उरलेली सगळी वर्षं तिला त्या कागदावरच्या बाईसारखं वागावं लागेल, आणि तिकडं लेख छापून येईल त्या दिवशी खोलीत एकटीनं आनंद करायचा, तोही दार लावून.

“सर, ते लिहू नका.”

“लाजू नकोस. खरं तेच लिहितोय.”

“खरं नाही ते.” तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, पण थांबला नाही. “बायांनी नको म्हणायच्या कितीतरी आधी, हिवाळ्यातच, मी तो लेख तिकडं पाठवला. त्यांनी घ्यायचं कळवलंय. मावशी काल ‘छाप इथं’ म्हणाली असती ना सर, तरी मी तो तुम्हाला दिला नसता. तुम्ही शब्द दिला होता हे माहीत असून दिला नसता. मला तिथं छापून यायचंय. बायांसाठी नाही, बढतीसाठीबी नाही. माझ्यासाठी. तुमच्या संपादकीयावर हा माझा उजर.”